जुन्या रोड बाइकला कोणतं पेडल? आधी वाटेतले सिग्नल मोजा

जुनी स्टीलची रोड बाइक दुरुस्त करून पाम बीच रोडवर काढायची, तर पेडल कोणतं? मूळचं पिंजऱ्यासारखं, की बूट अडकणारं 'क्लिपलेस'?

पिंजऱ्याला पुढे धातूची क्लिप आणि चामडी पट्टा असतो. पट्टा घट्ट आवळला की पाय घसरत नाही. पण सिग्नलला थांबण्याआधी तो हाताने सैल करावा लागतो. विसरलात, तर सायकलसकट आडवे!

क्लिपलेसमध्ये टाच बाहेर वळवली की पाय सुटतो. नाव तसं फसवंच; पुढची क्लिप नसते, पाय मात्र पक्का अडकतो. फ्रान्सच्या 'लूक' कंपनीने ते १९८४ मध्ये आणलं आणि १९८५ मध्ये बर्नार्ड इनोने त्यावरच टूर द फ्रान्स जिंकली. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या सायकलवर तेही शोभतं. पण खास बूट लागतात, आणि ते घालून टपरीपर्यंत चालणं अवघडच.

वाशी-बेलापूर साध्या बुटांत करायचं असेल, तर पिंजराच ठेवा, पट्टा सैल सोडा.

बदलताना आटे तपासा. डाव्या पेडलचे उलटे असतात. जुन्या फ्रेंच क्रँकचे १४ मिमीचे. त्यात आजचं पेडल जबरदस्तीने फिरवलं, तर क्रँक वाया जातो.