पुस्तकातला चौकोन आणि चिंचोक्यांचा खेळ

तुमचे एखादे पाठ्यपुस्तक उघडा आणि त्याची पाने चाळा. कोठे तरी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला एक लहानसा चौकोन छापलेला दिसेल. त्याला क्यूआर कोड म्हणतात हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याच्यासमोर मोबाइल फोन धरला की पडद्यावर पाठाचे चित्र, कविता किंवा एखादा प्रयोग दिसू लागतो, हेही तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

आता अशी कल्पना करा, की बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजा या गावी एका वर्गात चाळीस मुले बसली आहेत. वर्गात फोन एकच, तोही गुरुजींचा. पुढच्या बाकावरच्या पाच-सहा मुलांना पडदा दिसतो, मागच्यांना नुसता आवाज ऐकू येतो. तेवढ्यात इंटरनेटही बंद पडते. मग त्या चौकोनाचा उपयोग संपला काय?

मुळीच नाही. फोन नसतानाही हा चौकोन आपल्याला पुष्कळ काही शिकवू शकतो. त्यासाठी लागतील फक्त पन्नासेक चिंचोके. कसे ते पाहू.

खेळाच्या पटावरून आलेली युक्ती

या चौकोनाचा जन्म जपानमध्ये १९९४ साली झाला. डेन्सो या कंपनीत मोटारींचे सुटे भाग तयार होत. कोणता भाग कोणत्या पेटीत आहे हे यंत्राला कळावे म्हणून पेट्यांवर उभ्या रेघांची पट्टी, म्हणजे बारकोड, चिकटवीत असत. आजही साबणाच्या किंवा बिस्किटांच्या पुड्यावर तुम्हांला ती दिसते. पण त्या पट्टीत जेमतेम वीस अक्षरे मावत. एकेका पेटीवर अनेक पट्ट्या लावाव्या लागत आणि त्या एकामागून एक वाचता वाचता कामगार कंटाळून जात.

मासाहिरो हारा नावाचे अभियंते यावर उपाय शोधीत होते. जेवणाच्या सुट्टीत ते ‘गो’ नावाचा खेळ खेळत. या खेळाच्या पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा असतात आणि रेघांच्या छेदांवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडतात. पटाकडे पाहता पाहता त्यांच्या मनात विचार आला, की माहिती एकाच दिशेने रेघांत का लिहायची? पटासारखी आडवी आणि उभी, अशी दोन्ही दिशांनी का लिहू नये? या विचारातून क्यूआर कोड तयार झाला. त्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘झटपट उत्तर’ असा आहे. कंपनीने त्याचे पेटंट घेतले, परंतु इतरांना तो वापरण्यास आडकाठी केली नाही. म्हणूनच तो कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून शाळेत येऊ शकला.

आपल्या महाराष्ट्रात तो शाळेत कसा आला? सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यामुळे कविता ऐकता येऊ लागल्या, पाठ पाहता येऊ लागले. पुढे महाराष्ट्र राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापले जाऊ लागले. २०२० साली श्री. डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरच्या त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

चौकोनात काय दडले आहे?

पुष्कळ मुलांना वाटते, की ती कविता किंवा तो चित्रपट त्या चौकोनातच साठवलेला असतो. तसे नाही. चौकोनात असतो तो बहुधा फक्त पत्ता. पोस्टमन पत्ता वाचून योग्य घरी पोहोचतो, तसा फोन हा पत्ता वाचून इंटरनेटवरच्या योग्य ठिकाणी पोहोचतो. इंटरनेट बंद असेल तर पत्ता कळतो, पण तेथवर जाण्याची वाट बंद असते.

हा पत्ता लिहिलेला असतो तो केवळ दोन खुणांनी. चौकोनाचे बारीक बारीक घरांत विभाजन केलेले असते. घर काळे असेल तर १, पांढरे असेल तर ०. सर्वांत लहान क्यूआर कोडात २१ आडव्या आणि २१ उभ्या, म्हणजे एकूण ४४१ घरे असतात. सर्वांत मोठ्यात १७७ गुणिले १७७, म्हणजे ३१,३२९ घरे असतात आणि त्यात ७,०८९ अंकांपर्यंत माहिती मावते.

तीन कोपऱ्यांत तीन ठसठशीत चौकोन असतात, ते कशासाठी? पुस्तक उलटे धरले किंवा तिरपे धरले तरी फोनला वरची बाजू कोणती हे कळावे म्हणून. त्या चौकोनाच्या मध्यातून कोणतीही सरळ रेघ काढा. तिच्यावर काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा असे पट्टे येतात आणि त्यांच्या रुंदीचे प्रमाण १ : १ : ३ : १ : १ असे असते. हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने मासिके, जाहिरातींची पत्रके, खोक्यांवरचा मजकूर असे नाना तऱ्हेचे छापील कागद तपासले आणि त्यांत सर्वांत कमी आढळणारे प्रमाण म्हणून हे निवडले. त्यामुळे शेजारच्या मजकुरातल्या एखाद्या खुणेने यंत्र फसत नाही.

शाईचा डाग पडला तरी?

आता खरी मौज पुढेच आहे. पुस्तक वर्षभर दप्तरात राहते. त्यावर शाई सांडते, पाणी पडते, पान फाटते. ४४१ घरांतले एक घर जरी बदलले तरी पत्ता चुकायला हवा. तरीही फोन बहुधा अचूक पत्ता वाचतो! क्यूआर कोड तयार करताना तशी योजना केली, तर त्यातील माहितीचा सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी ती पुन्हा मिळवता येते. बिघडलेले घर कोणते आणि ते मूळचे काळे होते की पांढरे, हे फोनला कोण सांगते?

याचे उत्तर आपण खेळूनच शोधू. चिंचोके घ्या आणि प्रत्येकाची एक बाजू दगडावर घासून पांढरी करा. चौकाबारा किंवा अष्टचंगा खेळताना दान टाकण्यासाठी असे चिंचोके तुम्ही वापरले असतील. पांढरी बाजू वर आली की चिंचोका उताणा आणि काळी बाजू वर आली की पालथा. दान मोजताना आपण पांढरेच मोजतो. येथेही तेच करायचे.

एका मुलीला चार ओळींत चार-चार चिंचोके तिच्या मनाप्रमाणे मांडायला सांगा. मग जादूगार झालेला मुलगा सहज म्हणतो, “खेळ थोडा अवघड करू या,” आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक चिंचोका वाढवतो. नंतर खाली पाच चिंचोक्यांची आणखी एक ओळ मांडतो. आता पट असा दिसेल :

○ ● ○ ● ●
● ○ ○ ○ ○
○ ○ ● ● ●
● ● ○ ● ○
● ● ○ ○ ●

जादूगार पाठ फिरवतो. कोणीतरी येऊन एक चिंचोका, एकच, उलटा करतो. जादूगार वळतो, क्षणभर पटाकडे पाहतो आणि नेमका तोच चिंचोका उचलतो. सारा वर्ग थक्क होतो.

गुपित काय?

वरचा पट नीट पाहा. प्रत्येक आडव्या ओळीतले पांढरे मोजा. दोन, चार, दोन, दोन, दोन. सगळ्या सम संख्या. आता उभ्या ओळी मोजा. त्याही सम. ‘खेळ अवघड करण्यासाठी’ वाढवलेले चिंचोके उगाच ठेवलेले नव्हते. पहिल्या ओळीत मुळात दोन पांढरे होते, म्हणून पुढे काळा ठेवला. दुसरीत तीन पांढरे होते, म्हणून पुढे पांढरा ठेवून चार केले. उभ्या ओळींतही तसेच केले.

समजा, वरून तिसऱ्या ओळीतला दुसरा चिंचोका कोणी उलटा केला. तो पांढरा होता, आता काळा झाला. तिसऱ्या आडव्या ओळीत पांढरा एकच राहिला. ती संख्या विषम झाली. दुसऱ्या उभ्या ओळीतही एकच राहिला. तीही विषम. इतर सर्व ओळी सम. म्हणजे तिसरी आडवी आणि दुसरी उभी ओळ जेथे छेदतात तोच चोर! शिवाय चोर सापडला की त्याची दुरुस्तीही हाती आली, कारण चिंचोक्याला बाजू दोनच असतात.

क्यूआर कोडात याच तत्त्वाचा पुष्कळ पुढे गेलेला प्रकार वापरतात. मूळ माहितीबरोबर काही जादा खुणा छापतात आणि त्या खुणांच्या हिशेबावरून बिघडलेला भाग शोधून काढतात. हे गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडले. व्हॉयेजर यानाने दूरच्या ग्रहांची छायाचित्रे पृथ्वीवर पाठवताना हीच पद्धत उपयोगी पडली. कोट्यवधी किलोमीटर प्रवासात संदेशात शिरलेल्या चुका येथे बसून दुरुस्त करता आल्या.

आता तुम्ही विचार करा. दोन चिंचोके उलटे केले तर काय होईल? चूक झाली हे कळेल, पण नेमके कोणते दोन हे खात्रीने सांगता येणार नाही. आणि एखाद्या आयताच्या चारही कोपऱ्यांवरचे चार चिंचोके उलटे केले तर? करून पाहा. जादूगार चक्क फसेल! म्हणजे किती चुका सहन करायच्या हे आधी ठरवावे लागते आणि तेवढ्या जादा खुणा खर्ची घालाव्या लागतात. आणखी एक कोडे तुमच्यासाठी ठेवतो. अगदी कोपऱ्यातला पंचविसावा चिंचोका आडव्या आणि उभ्या, अशा दोन्ही ओळींना एकाच वेळी कसा जुळतो? तो कधी न जुळण्याची शक्यता आहे काय?

शिक्षकांशी दोन शब्द

वर्गात खेळ आणावा, यंत्र आणावे, असे आज सगळीकडे म्हटले जाते. ते योग्यच आहे. परंतु खेळाने मुले का रमतात हे ध्यानात घेतले नाही, तर रंगीत पडदा म्हणजे चमकणारा फळा एवढेच होते. मुले बघत राहतात आणि विसरून जातात.

चिंचोक्यांच्या खेळात जादूगाराने चुकीचा चिंचोका उचलला तर पट लगेच सांगतो, की येथे नाही. कोणी रागावत नाही, गुण कापले जात नाहीत. मूल पुन्हा मोजते. वर्गात नेहमी मान खाली घालून बसणारी मुलगीही येथे हात वर करते, कारण चूक सापडणे हाच येथे खेळ आहे. एरवी तिच्या चुकीचे उत्तर तिला मिळते ते वही तपासून आल्यावर, लाल शाईत. तोवर त्या उदाहरणातला तिचा रस संपलेला असतो. गणित नको म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांची गोष्ट येथूनच सुरू होते.

यंत्राची निवडही याच कसोटीवर करावी. मुलाला ते चाल करू देते काय? चुकले तर लगेच आणि न हिणवता सांगते काय? पुन्हा संधी देते काय? तीनही उत्तरे ‘होय’ असतील तर एक फोनही पुरे. पाच-पाच मुलांचे गट करावे, एका गटाने फोन वापरावा आणि बाकीच्यांनी पट मांडावे, मग आळीपाळीने जागा बदलाव्या. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरात फोन नव्हता त्या घरातली मुले शिक्षणापासून दुरावली. यंत्रावरच सारी भिस्त ठेवली तर कोण मागे राहते, हे आपण तेव्हा पाहिले आहे. चिंचोके मात्र सर्वांच्या घरी असतात.

करून पाहा

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडाच्या मध्यभागी हरभऱ्याएवढा कागदाचा तुकडा ठेवा आणि फोनने वाचून पाहा. मग तुकडा थोडा थोडा मोठा करीत जा. कोठवर वाचता येते याची नोंद करा. नंतर तोच तुकडा कोपऱ्यातल्या एका ठसठशीत चौकोनावर ठेवा. आता बहुधा वाचता येणार नाही. का, ते वर्गात चर्चा करून ठरवा. फोन मिळाला नाही तर पाच ओळींऐवजी दहा ओळींचा पट मांडा आणि जादूगार होण्याची पाळी प्रत्येकाला द्या, विशेषतः जो कधीच पुढे येत नाही त्याला.