नियम लिहिला, तरी पान ऐकेना : सीएसएसमध्ये नक्की कोणाचं चालतं?

(आजच्या भागाचं लिखित रूप. ऐकताना कोड डोळ्यांसमोर नसतो, म्हणून चिन्हंही शब्दांतच सांगितली आहेत.)

गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "दादा, मी सीएसएसमध्ये फॉन्ट मोठा केला, सेव्ह केलं, रिफ्रेश केलं, तरी पान जसंच्या तसं. माझं काय चुकतंय?" बहुतेक वेळा तुमचं लिहिणं बरोबर असतं. फक्त तुमच्या नियमापेक्षा वजनदार दुसरा नियम आधीच तिथे बसलेला असतो. तो कुठे बसलाय हे शोधायचं कसं, ते आज बघू. आणि त्यासाठी मी माझीच फजिती सांगणार आहे.

अंजूरचं पान आणि काकांचा फोन

आमचं अंजूर भिवंडी तालुक्यात. अंजूर फाटा म्हटलं की लोकांना गोदामं आणि ट्रॅफिक आठवतं. पण गावाचं नाव इतिहासात आहे ते गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे. पोर्तुगीजांविरुद्धची वसईची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला, आणि त्या सगळ्या घडामोडीत अंजूरच्या नाईकांचा मोठा हात होता. हे सगळं मोबाइलवर वाचता येईल असं एक साधं पान करायचं मी ठरवलं. एक फुकटचं तयार टेम्प्लेट घेतलं, मजकूर भरला आणि लिंक घरच्या ग्रुपवर टाकली.

दहा मिनिटांत काकांचा फोन. "अरे, लिव्हलंस चांगलं असेल, पण वाचायचं कसं? अक्षरं मुंगीएवढी, आणि डोक्यावरची रेघ तुटलेय."

काका सत्तरीचे. गावच्या जुन्या गोष्टी ज्यांना तोंडपाठ आहेत आणि माझ्या चुका जे दाखवू शकतात, त्यांच्यापैकी एक. त्यांनाच पान वाचता येत नसेल, तर मी ते केलं कोणासाठी?

पहिला प्रयत्न : बॉडीला सांगितलं, परिच्छेदाने ऐकलं नाही

मी बॉडी या टॅगला अक्षराचा आकार १८ पिक्सेल दिला. काहीच फरक नाही. कारण टेम्प्लेटमध्ये परिच्छेदाला, म्हणजे पी टॅगला, थेट १३ पिक्सेल सांगून ठेवलं होतं.

इथे पहिला नियम लक्षात ठेवा. वारशाने आलेली किंमत ही सगळ्यात कमजोर. घरात सांगितलंय की चहात साखर कमी घाला. पण आत्याने स्वतः सांगितलं, "माझ्या कपात दोन चमचे", तर त्या कपात दोनच चमचे पडणार. बॉडीला दिलेला आकार हा घरचा सर्वसाधारण नियम. पी टॅगला थेट दिलेला आकार म्हणजे आत्याचा कप. थेट सांगितलेलं कितीही साधं असलं, तरी वारशाने आलेल्याला ते हरवतं.

दुसरा प्रयत्न : पदकतालिका

मग मी थेट पी टॅगलाच १८ पिक्सेल दिले. तरी नाही. म्हटलं, क्लास लावू. डॉट वाचन नावाचा क्लास केला आणि त्यातल्या पी टॅगला १८ दिले. तरीही नाही!

टेम्प्लेटचा नियम असा होता : हॅश मुख्य-मजकूर, त्यातला पी. हॅश म्हणजे आयडी. आणि इथे येते स्पेसिफिसिटी, म्हणजे नियमाने कोणाला किती नेमकं हाक मारली आहे त्याचं माप.

ऑलिंपिकची पदकतालिका आठवा. आयडी म्हणजे सुवर्ण. क्लास, कंसातला अॅट्रिब्यूट आणि हॉव्हरसारखे स्यूडो-क्लास म्हणजे रौप्य. पी, एच-वन असे साधे टॅग म्हणजे कांस्य. तालिकेत आधी सुवर्ण मोजतात. ते सारखं असेल तर रौप्य, तेही सारखं असेल तर कांस्य. टेम्प्लेटकडे एक सुवर्ण, एक कांस्य. माझ्याकडे एक रौप्य, एक कांस्य. अकरा क्लास लावले असते तरी मी हरलोच असतो, कारण अकरा रौप्यांचं एक सुवर्ण होत नाही.

सगळीच पदकं सारखी निघाली तर? मग जो नियम नंतर लिहिलाय तो जिंकतो. म्हणून तुमची फाइल टेम्प्लेटच्या फाइलनंतर जोडलेली असणं महत्त्वाचं. आणि मोबाइलवाल्यांसाठी खास : मीडिया क्वेरीला एकही पदक नसतं. लॅपटॉपवर तुमचा नियम चालतो आणि फोनवर चालत नाही, असं झालं तर बहुधा टेम्प्लेटने लहान स्क्रीनसाठीचा नियम तुमच्या खाली लिहिलेला असतो, किंवा त्यात पदकं जास्त असतात.

तिसरा प्रयत्न : इम्पॉर्टंटचा दांडपट्टा

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. मी वैतागून आकारापुढे उद्गारचिन्ह इम्पॉर्टंट लावलं. झालं! अक्षर मोठं. मग काय, हात सुटला. रंग काळा, इम्पॉर्टंट. ओळींमधलं अंतर, इम्पॉर्टंट. लिंक पुन्हा ग्रुपवर टाकली आणि झोपलो.

सकाळी काकांचा मेसेज : "आता तर काहीच दिसत नाय."

काकांच्या फोनला डार्क मोड. टेम्प्लेटमध्ये डार्क मोडची सोय होती. मागची बाजू काळी करायची आणि अक्षरं पांढरी. मागची बाजू काळी झाली, पण माझं काळं अक्षर इम्पॉर्टंट असल्यामुळे पांढरं होईना. काळ्यावर काळं. आधी निदान मुंग्या तरी दिसत होत्या.

इम्पॉर्टंट वाईट आहे असं नाही. पण ते लावलं की त्या गोष्टीवरचा पुढचा प्रत्येक बदलही इम्पॉर्टंटनेच करावा लागतो. एकाने लाउडस्पीकर लावला की शेजाऱ्यालाही लावावा लागतो, आणि मग कोणाचंच ऐकू येत नाही.

मग शोधायचं कसं?

अंदाज थांबवायचा आणि ब्राउझरलाच विचारायचं. लॅपटॉपवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये बिघडलेल्या मजकुरावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट निवडा. स्टाइल्सच्या यादीत त्या मजकुराला लागू होणारे सगळे नियम दिसतात. जिंकलेला वर, हरलेले खाली आणि त्यांच्यावर आडवी रेघ. आता तीन शक्यता :

एक, तुमचा नियम यादीत आहे, पण त्यावर रेघ आहे. म्हणजे तो हरलाय. वर कोण बसलंय ते बघा, पदकं मोजा.

दोन, तुमचा नियम आहे, पण शेजारी पिवळा त्रिकोण आहे. म्हणजे लिहिण्यात चूक. सीएसएसची खोड अशी की चुकीची ओळ दिसली की ब्राउझर ती गुपचूप सोडून देतो, ओरडत नाही. आधीच्या ओळीचा अर्धविराम राहिला तर पुढची ओळही वाया जाते.

तीन, तुमचा नियम यादीत नाहीच. म्हणजे क्लासचं नाव चुकलंय, फाइल जोडलेली नाही, किंवा ब्राउझर जुनीच साठवलेली फाइल दाखवतोय. इथे इम्पॉर्टंट लावून काहीही होणार नाही, कारण तुमचा नियम मैदानात उतरलेलाच नाही.

बिघाड फक्त फोनवर दिसत असेल, तर अँड्रॉइड फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, केबलने लॅपटॉपला जोडा आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश, इन्स्पेक्ट हा पत्ता टाका. फोनवरचं पान लॅपटॉपवर तपासता येतं.

जे ओव्हरराइड वाटतं, पण नसतं

तुटलेल्या रेघेचं काय? टेम्प्लेटमध्ये लेटर-स्पेसिंग अर्धा पिक्सेल होतं. इंग्रजीत ते छान दिसतं. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेने जोडलेली असतात, मध्ये जागा सोडली की रेघ फाटते. मराठी मजकुराला लेटर-स्पेसिंग नॉर्मल ठेवा. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, कारण वर वेलांटी-रफार आणि खाली उकार. १.२ वर मात्रा वरच्या ओळीला घासतात. मी १.७ ठेवलं. आणि हा आकडा पिक्सेल न लावता नुसता लिहा, म्हणजे अक्षर मोठं झालं की अंतरही त्या प्रमाणात वाढतं.

दुसरी गंमत फॉन्टची. तुमचा नियम जिंकलेला असतो, रेघ नसते, तरी फॉन्ट बदलत नाही. कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. रोबोटो लावलात तर इंग्रजी रोबोटोमध्ये दिसेल आणि मराठीसाठी ब्राउझर फोनमधला दुसरा फॉन्ट उचलेल. क्रोममध्ये कॉम्प्युटेड या टॅबच्या तळाशी प्रत्यक्ष कोणता फॉन्ट वापरला ते लिहिलेलं असतं. देवनागरी असलेला फॉन्ट घ्या, उदाहरणार्थ मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी.

तिसरी गोष्ट काकांनीच दाखवली. "हा ल आणि श हिंदीतला वाटतो." खरंच होतं! टेम्प्लेटच्या पहिल्या ओळीत पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली. ती एम-आर, म्हणजे मराठी, केली की ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श भरलेले आहेत, तो आपोआप ते दाखवतो. राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हीच वळणं ठरवलेली आहेत. यात सीएसएसचा एकही नियम बदलावा लागला नाही.

शेवटी काय केलं?

सगळे इम्पॉर्टंट काढून टाकले. मग टेम्प्लेटची फाइल लेयरमध्ये घातली. कॅस्केड लेयर्स २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहेत. माझ्या फाइलच्या अगदी सुरुवातीला इम्पोर्ट लिहून टेम्प्लेटला एका लेयरचं नाव दिलं आणि एचटीएमएलमधली त्याची जुनी लिंक काढली. माझे नियम लेयरच्या बाहेर. लेयरबाहेरचा साधा नियम लेयरमधल्या साध्या नियमाला हरवतो, मग आत कितीही सुवर्णपदकं असोत. पदकं मोजायची वेळ येते ती एकाच लेयरमधल्या नियमांमध्ये.

पण दोन गोष्टी सांभाळा. टेम्प्लेटमध्येच इम्पॉर्टंट असेल तर क्रम उलटतो, तिथे लेयरमधला इम्पॉर्टंट बाहेरच्या इम्पॉर्टंटला भारी पडतो. आणि फार जुन्या ब्राउझरला लेयरवालं इम्पोर्ट कळत नाही, तो टेम्प्लेट लोडच करणार नाही. पान साधं दिसेल. वाचता येत असेल तर मला ते चालतं. तुम्हाला चालत नसेल, तर टेम्प्लेटच्याच तोडीचा सिलेक्टर लिहून आपली फाइल नंतर जोडा, हा जुना मार्ग आहेच.

रंग मी दिलाच नाही, टेम्प्लेटवर सोडला, त्यामुळे डार्क मोड परत नीट चालू लागला. आकार १८ पिक्सेलऐवजी १.१२५ रेम दिला. ब्राउझरचा नेहमीचा मूळ आकार १६ पिक्सेल असतो, तेव्हा ते १८ च होतात. पण कोणी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मूळ आकार वाढवून ठेवला असेल, तर रेम त्याचं ऐकतो.

शेवटचा शब्द कोणाचा?

सीएसएसची कल्पना हाकन व्ह्यूम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली, आणि पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये डब्ल्यू-थ्री-सीने प्रमाण म्हणून जाहीर केली. कॅस्केड हा शब्द त्यात उगाच नाही. एका पानावर तिघांचं म्हणणं उतरत येतं : ब्राउझरचं, वाचणाऱ्याचं आणि पान बनवणाऱ्याचं. साध्या नियमांत बनवणाऱ्याचं चालतं. पण इम्पॉर्टंट आलं की रांग उलटी होते, आणि वाचणाऱ्याचा इम्पॉर्टंट बनवणाऱ्याच्या इम्पॉर्टंटला हरवतो. ज्याला कमी दिसतं त्याला स्वतःपुरतं अक्षर मोठं करता यावं, म्हणून ही सोय आहे. मी ज्याला हत्यार समजून वापरत होतो, ते खरं तर काकांसारख्यांसाठी राखून ठेवलेलं होतं.

तर पुढच्या वेळी पान ऐकत नसेल तेव्हा क्रमाने विचारा : माझा नियम यादीत आहे का? लिहिण्यात चूक आहे का? तो वारशाने आलाय की थेट? इम्पॉर्टंट किंवा टॅगमध्येच लिहिलेली स्टाइल आड येतेय का? लेयर कोणता? पदकं किती? नंतर कोण आलंय? आणि फॉन्टमध्ये मराठी आहे का? बहुतेक भानगडी या आठ प्रश्नांत सुटतात.

काकांनी आता पान शेवटपर्यंत वाचलंय. अक्षरांबद्दल तक्रार नाही. मजकुरातल्या तीन चुका मात्र काढल्यात. त्या दुरुस्त करायला बसतो. भेटू पुढच्या भागात!