देव, देऊळ आणि दुकान

अंधश्रद्धेवरचा चित्रपट म्हटला की एखादा भोंदू बाबा, त्याचे ढोंग आणि शेवटी त्याची फजिती, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. सत्यजित राय यांच्या ‘महापुरुष’ (१९६५) या बंगाली चित्रपटातील बिरिंचीबाबा त्यांपैकीच. २०११ साली आलेल्या ‘देऊळ’ या मराठी चित्रपटाच्या केंद्रस्थानी मात्र असा बाबा नाही. मग त्यात उपहास आहे तो कोणाचा?

उमेश विनायक कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे लेखन गिरीश कुलकर्णी यांचे असून केशाची भूमिकाही त्यांनीच केली आहे. मंगरूळ गावचा हा भाबडा तरुण करडी नावाची गाय शोधत हिंडतो, औदुंबराखाली त्याचा डोळा लागतो आणि त्याला दत्तदर्शन घडते. केशा खोटे बोलत नाही, त्याला काही मिळवायचेही नाही. पण बातमी पसरते आणि देवळाची मागणी जोर धरते. अण्णांनी (दिलीप प्रभावळकर) गावासाठी इस्पितळाची योजना आखलेली असते. गावचे पुढारी भाऊ (नाना पाटेकर) वारे पाहून देवळाच्या बाजूला जातात. देऊळ उभे राहते, बाजार भरतो, इस्पितळ मात्र कागदावरच राहते.

येथे खलनायक असा एकही नाही. जो तो आपापल्या परीने खरा आहे. बेकार पोरांना काम हवे, दुकानदाराला गिऱ्हाईक हवे, पुढाऱ्याला मते हवीत. या साऱ्या गरजा खऱ्या असल्यामुळेच आपण हसता हसता थबकतो. उपहास भक्तीचा नाही, भक्तीच्या हिशेबाचा आहे. आणि या हिशेबाविरुद्ध उठतो तो कोणी नास्तिक नव्हे, तर खुद्द केशा. तो देवळातली मूर्ती उचलून नदीत सोडतो. देवळात दुसरी मूर्ती येते आणि धंदा सुरूच राहतो!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. वसतिगृहात खेड्यातल्या देवभोळेपणाची थट्टा चालते, तेव्हा मला आईची आठवण होते. आमच्या बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. त्याला ना पुजारी, ना दानपेटी. आई भाकरीचा नैवेद्य ठेवते आणि कामाला लागते. तिला हसावे की तिच्या बाजूने भांडावे, हे मला उमगत नसे. ‘देऊळ’ने तो गुंता सोडवला. म्हसोबापुढे ठेवलेली भाकरी आणि तिकीट लावून विकलेले दर्शन, यांना एकच नाव देता येणार नाही.

तरीही प्रश्न संपत नाही. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या एका बाईचे बाळंतपण तालुक्याला नेताना वाटेत, जीपमध्येच झाले. त्याच वर्षी गावातल्या देवळाच्या कळसाला वर्गणी जमली. आईनेही दिली. तिने चूक केली असे मी म्हणणार नाही. दवाखान्यासाठी वर्गणी मागायला तिच्या दारी आजवर कोणी आलेच नाही. शिकलेल्या आम्हा पोरांनी आधी त्या दारी जावे, मग खुशाल चित्रपट पाहून हसावे.

— द्वितीय वर्ष, कला