लुईझ बँक्स : जॅझ पियानोचा एक साधक

१५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवरून 'मिले सुर मेरा तुम्हारा' हे गीत प्रथम प्रसारित झाले. पंडित भीमसेन जोशी यांचा भैरवीतला स्वर आणि अशोक पत्की यांची चाल मराठी रसिकांच्या परिचयाची आहे. मात्र त्या गीताच्या वाद्यसंयोजनात मोठा वाटा असलेले लुईझ बँक्स हे मूळचे जॅझ पियानोवादक, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

लुईझ यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९४१ रोजी दार्जिलिंग येथे एका नेपाळी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा बखतबहादूर बुढापिर्थी यांनी नेपाळच्या जुन्या राष्ट्रगीताची चाल बांधली होती. वडील पुष्करबहादूर ट्रम्पेट वाजवीत. कोलकात्यात वादन करताना त्यांनी जॉर्ज बँक्स हे नाव घेतले आणि थोर जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्यावरून मुलाचे नाव ठेवले. सेंट रॉबर्ट्स शाळेत शिकणाऱ्या लुईझला तेराव्या वर्षापासून वडिलांनीच पियानोचे धडे दिले आणि आपल्या बँडमध्येही बसविले. घराण्यातला शिष्य गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो, त्याच रीतीची ही तालीम होती.

जॅझ म्हणजे काय? विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय समाजात हे संगीत आकारास आले. गुलामगिरीच्या काळातील भक्तिगीते आणि श्रमगीते यांचा वारसा त्यामागे आहे. खाँसाहेब अल्लादियाखाँ यांचा सहवास लाभलेल्या कोल्हापूरकरांना त्याचे मर्म समजणे कठीण नाही. ख्यालगायक बंदिश मांडतो आणि तालाच्या आवर्तनात राहून तिचा उत्स्फूर्त विस्तार करतो. जॅझवादकही आधी मूळ धून वाजवितो. मग बारा किंवा बत्तीस मात्राखंडांच्या ठरलेल्या आवर्तनावर प्रत्येक वादक आळीपाळीने त्याच क्षणी सुचलेले सूर रचतो. फरक इतकाच, की येथे रागाच्या जागी स्वरसंघांची, म्हणजे कॉर्डची, मालिका आधारभूत असते. दुसऱ्याची पाळी असताना पियानोवादक नेमक्या जागी कॉर्ड देऊन त्याला आधार देतो. म्हणून स्वतः वाजविण्याइतकेच दुसऱ्याचे ऐकणे या कलेत महत्त्वाचे ठरते.

१९७०च्या दशकात कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील 'ब्लू फॉक्स'मध्ये लुईझ यांचा बँड गाजू लागला. गायिका पॅम क्रेन आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस त्यांच्या साथीला होते. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना भक्तिगीतांबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा होती. मुंबईच्या बँडना आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांना पिढ्यान्‌पिढ्या वादक मिळाले ते प्रामुख्याने या परंपरेतून.

राहुलदेव बर्मन यांनी लुईझ यांचे वादन ऐकले आणि 'मुक्ती' (१९७७) या चित्रपटासाठी त्यांना पियानोवर बोलाविले. पुढे लुईझ मुंबईत स्थायिक झाले. चित्रपट आणि जाहिरातींच्या संगीताने चरितार्थ चालला, तरी त्यांनी जॅझ सोडला नाही. १९७८ साली मुंबईत सुरू झालेल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाने या संगीताला हक्काचे व्यासपीठ दिले. कर्नाटक संगीताच्या गायिका आर. ए. राममणी यांच्यासह त्यांनी राग आणि जॅझ यांचा मेळ घातला. 'सिल्क' या संचात शंकर महादेवन, शिवमणी आणि कार्ल पीटर्स त्यांचे सहकारी होते. जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या 'फ्लोटिंग पॉइंट' (२००८) या ग्रॅमी नामांकन मिळालेल्या अल्बममध्येही त्यांचे वादन आहे. पुत्र जीनो ड्रमवादक झाल्याने घरातली विद्या चौथ्या पिढीत पोहोचली.

आज आपली अनेक मुले कीबोर्ड शिकतात, परीक्षा देतात आणि दहावीचे वर्ष आले की वाद्य कपाटावर जाते. स्वरलिपी आणि बोटांची शिस्त वर्गात मिळते. परंतु साथ करणे, दुसऱ्याचा सूर ओळखून आपला सूर आवरणे, हे चारचौघांत बसूनच येते. जॉर्ज बँक्स यांनी मुलाला आपल्या बँडमध्ये जागा दिली. रविवारच्या गायकवृंदात वाद्याशेजारी एखाद्या शिकाऊ मुलासाठी खुर्ची ठेवणे आपल्यालाही सहज जमण्यासारखे आहे.