‘फ्रेंच घ्या, स्कोअरिंग आहे!’

शाळेत भाषा निवडायची वेळ आली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो : ‘फ्रेंच घ्या, स्कोअरिंग आहे. पाठ केलं की पैकीच्या पैकी.’ सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फ्रेंचची प्रश्नपत्रिका कधी उघडून पाहिलेली नसते. क्लासवाल्यांनी पाहिलेली असते. पण या समजावर त्यांचा धंदा चालतो, ते कशाला बोलतील?

तेव्हा आधी प्रश्नपत्रिकाच उघडू. सीबीएसईच्या दहावीला फ्रेंचचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो, उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. ८० गुणांची वाटणी मंडळाच्या नमुना प्रश्नपत्रिकेत सरळ दिलेली आहे : न वाचलेला उतारा १०, लेखन २०, व्याकरण ३० आणि ‘आंत्र झन’ या पुस्तकातल्या धड्यांवर, म्हणजे फ्रेंच लोकजीवनावर, २०. घोकंपट्टीचं राज्य चालतं ते या शेवटच्या वीस गुणांत. उतारा घोकता येत नाही. व्याकरणाचा नियम घोकता येतो, पण रिकाम्या जागी तो लावायचा तर वाक्य कळावं लागतं.

लेखनाची गंमत तर बघण्यासारखी असते. क्लासमध्ये पाच पत्रं पाठ करून घेतात. त्यातलं एक वाढदिवसाच्या आमंत्रणाचं. पेपरात येतं आमंत्रण नाकारणारं पत्र. मूल आपलं पाठ केलेलं आमंत्रणच उतरवून येतं, वर ‘पेपर सोपा होता’ म्हणतं. पत्र मैत्रिणीला असेल तर मायन्यातच गुण जातो. मित्राला ‘शेर’ आणि मैत्रिणीलाही ‘शेर’, उच्चार तोच. पण मैत्रिणीसाठी मधल्या ‘ई’वर ॲक्सेंट आणि शेवटी आणखी एक ‘ई’ लागतो. कानाला फरक कळत नाही, तपासणाऱ्याच्या लाल पेनाला कळतो.

याच वळणाची दुसरी सवय म्हणजे वहीच्या समासात उच्चार देवनागरीत लिहून ठेवणं. पहिले काही दिवस हरकत नाही. पण ‘बोकू’ म्हणजे ‘पुष्कळ’ हा शब्द रोमन लिपीत आठ अक्षरांचा आहे आणि शेवटचा ‘पी’ मुका. देवनागरीवर विसंबलेली मुलं परीक्षेत त्याची चार अक्षरं करून येतात. शब्द मोठ्यानं म्हणत लिहून काढणं, प्रत्येक नाम त्याचं लिंग दाखवणाऱ्या ‘ल’ किंवा ‘ला’सकट लक्षात ठेवणं, याला पळवाट नाही.

आणि खरं सांगायचं तर मराठी मुलांना इतकं घोकायची गरजही नाही. फ्रेंच भूतकाळात क्रियापद कधी कर्त्याप्रमाणे बदलतं, कधी बदलत नाही, हे इंग्रजीतून शिकवलं की मुलं रडकुंडीला येतात. आपण मात्र बोलतोच : सीता आली, राम आला, पण सीतेने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली. पहिल्या जोडीत क्रियापद कर्त्याचं ऐकतं, दुसरीत कर्माचं. फ्रेंचमध्ये येण्याजाण्याची बहुतेक नेहमीची क्रियापदं ‘सीता आली’सारखी कर्त्याचं ऐकतात, आणि खाण्यासारखी क्रियापदं कर्म आधी आलं तरच कर्माचं. एवढी एक अट निराळी. लिंगंही तिथे दोनच, आपण जन्मल्यापासून तीन वापरतोय. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ कुणाला म्हणायचं, हे तर मराठी घरातल्या मुलाला शिकवायलाच नको. तरीही मराठी घरातल्या मुलांना, मराठी घरातल्याच शिक्षिका, इंग्रजीच्या आधाराने हे सगळं शिकवतात. यातलं डोकं मला अजून सापडलेलं नाही.

‘बरं, पण गुण तर मिळतात ना?’ मिळतात. पुष्कळ मुलांना नव्वदीच्या पुढे मिळतात आणि कष्टाचे असतात. पण त्यावरून भाषा आली असं ठरत नाही, कारण मंडळाच्या लेखी पेपरात ऐकणं आणि बोलणं नसतंच. फ्रेंच सरकारच्या डेल्फ परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं, प्रत्येकाला २५ गुण. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० लागतात. पण एका भागात जरी ५ पेक्षा कमी पडले तर एकूण कितीही असोत, नापास. गुणपत्रिकेत पंच्याण्णव असलेलं मूल ए-१ या पहिल्याच पायरीवर ध्वनिफीत सुरू झाली की गडबडतं. कान कधी तयार केलेलेच नसतात. टीव्ही-सॅंक-मोंद या फ्रेंच वाहिनीचे पायरीवार सराव फुकट आहेत. रोज दहा मिनिटं ऐकायला शिकवणी लागत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. ‘इंग्रजी चांगलं असलं की फ्रेंच आपोआप येतं’ : ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय नव्हे, असे फसवे शब्द ढीगभर आहेत. ‘फ्रेंच आकडे वेडगळ’ : नव्वदला ते ‘चार विसा दहा’ म्हणतात, गावाकडे म्हाताऱ्या माणसांना विसांनी मोजताना ऐकलं असेल तर नवल वाटणार नाही, आणि बेल्जियम-स्वित्झर्लंडमध्ये नव्वदला साधा वेगळा शब्द आहे. ‘फ्रेंच फक्त फ्रान्सात चालतं’ : फ्रँकोफोनी संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार फ्रेंच बोलणारे सुमारे ३२ कोटी आहेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत. ‘डेल्फची मुदत संपते’ : संपत नाही, प्रमाणपत्र कायमचं असतं.

हल्ली एक नवा समज ऐकू येतो : शाळेत फ्रेंच घेतलं की पुढे कॅनडाला जायला उपयोगी पडतं. तिथल्या एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतराच्या योजनेत फ्रेंचचे गुण मिळतात हे खरं, पण ते टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या दोनच परीक्षांवर. डेल्फसुद्धा तिथे धरत नाहीत, मग दहावीच्या गुणपत्रिकेची काय कथा!