शिकवणारा कामगार, सांगणारा कामगार

१९५८ साली केंद्र सरकारने कामगारांच्या शिक्षणासाठी एक मंडळ स्थापन केले. त्याचे मुख्यालय नागपुरात, उत्तर अंबाझरी मार्गावर आहे आणि आज ते दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण व विकास मंडळ या नावाने ओळखले जाते. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या नागपूरकरांतही एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. प्रौढांना शिकवण्याची एक धाडसी रीत या मंडळाने देशभर नेली. मंडळाचा शिक्षणाधिकारी सगळ्या कामगारांपुढे उभा राहून व्याख्यान देत नसे. तो कारखान्या-कारखान्यांतून निवडलेल्या काही कामगारांना तयार करी. त्यांना ‘कामगार-शिक्षक’ म्हणत. ते आपल्या कारखान्यात परतत आणि सोबत काम करणाऱ्यांचे वर्ग स्वतः घेत.

अधिकारी, कामगार-शिक्षक आणि कामगार अशा या तीन पायऱ्या. त्यांतली मधली पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. वर्गातले विषय होते संघटना, कायदे, उत्पादन, हक्क आणि कर्तव्ये. वेल्डिंग किंवा शिवणकाम त्यात नव्हते. पण चाळिशीतल्या माणसाला त्याच्याच शेजारच्या यंत्रावरचा माणूस अधिक चांगले समजावू शकतो, हा त्यामागचा विश्वास व्यवसाय शिक्षणालाही तितकाच लागू आहे. आजच्या प्रौढांच्या कौशल्य वर्गांत नेमकी हीच पायरी गळालेली दिसते. शिकवणारा एक, अभ्यासक्रम छापील, आणि समोर बसलेल्या माणसाच्या वीस वर्षांच्या अनुभवाला वेळापत्रकात जागा नाही. ती जागा परत मिळवण्याचे एक साधन, मोबाइल फोन, आता जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे.

त्या साधनाच्या वापराची एक ठरलेली पद्धत आहे. तिला डिजिटल कथाकथन म्हणतात. १९९० नंतरच्या काळात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात डेना अॅचली आणि जो लॅम्बर्ट यांनी ती घडवली. माणसाने आपल्या आयुष्यातली एक खरी घटना निवडायची, ती गटासमोर तोंडी सांगायची, मग अडीचशे-तीनशे शब्दांत बांधायची, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची आणि तिच्यावर स्वतःकडची छायाचित्रे रचायची. सगळे मिळून दोन-तीन मिनिटे. २००१ पासून बीबीसीने वेल्समध्ये डॅनियल मेडोज यांच्या पुढाकाराने गावोगावी अशा कार्यशाळा घेतल्या आणि सामान्य माणसांच्या या छोट्या गोष्टी प्रसारित केल्या. चित्रपट बनवण्याचे तंत्र यात दुय्यम आहे. खरे काम घडते ते गटात बसून एकमेकांचे ऐकताना.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण संस्थांचे चालक तो सहज विसरतात. वर्गात पडद्यावर तयार व्हिडिओ लावणे म्हणजे डिजिटल कथाकथन नव्हे. यूट्यूबवर मोटर गुंडाळण्यापासून ब्लाउज बेतण्यापर्यंत सगळे दाखवलेले आहे आणि ते उपयोगीही आहे. पण त्यात शिकणारा प्रेक्षकच राहतो; डिजिटल कथाकथनात तो स्वतः बोलतो.

महाराष्ट्राला हा धडा रेडिओने फार पूर्वी दिला होता. १९५६ मध्ये युनेस्को आणि आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रवण मंडळे चालवली. पुणे केंद्रावरून आठवड्यात दोनदा कार्यक्रम होई. गावातले गट तो एकत्र ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल नॉयराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांतली माहिती तर वाढलीच, शिवाय गावाने एकत्र बसून निर्णय घेण्याची सवयही वाढली. यंत्र नेहमीचाच रेडिओ होता. फरक पडला तो ऐकल्यानंतर बोलायला मिळाले म्हणून.

पन्नास वर्षांनी कर्नाटकात ‘डिजिटल ग्रीन’ या प्रकल्पाने तेच कॅमेऱ्याने तपासले. रिकीन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक शेतकऱ्यांनाच चित्रित केले आणि ते व्हिडिओ आसपासच्या गावांत दाखवले. नेहमीच्या कृषी विस्तार कार्यक्रमाच्या तुलनेत नव्या पद्धती स्वीकारण्याचे प्रमाण सातपट झाल्याचे त्यांच्या अभ्यासात आढळले. मला त्यातले दुसरे निरीक्षण अधिक बोलके वाटते. व्हिडिओ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा असे, हा शेतकरी कोण आणि कोणत्या गावचा? आधी माणूस ओळखीचा वाटायला हवा, मग त्याचे तंत्र. आणि व्हिडिओ लावून मध्ये थांबवणारा, प्रश्न विचारणारा गावातला माणूस नसेल, तर नुसत्या पडद्याचा प्रभाव टिकत नसे.

कॅमेरा शिकणाऱ्याच्याच हाती दिला तर काय होते, याची साक्ष दोन ठिकाणी मिळते. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने १९८४ मध्ये आपल्या सभासद बायकांना व्हिडिओ शिकवला. त्यांत भाजी विकणाऱ्या आणि अक्षरओळख नसलेल्या बायकाही होत्या. आणि तेलंगणातल्या जहीराबादजवळ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका चित्रपट करू लागल्या. त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना आपली नावे दिली. वरून खाली पाहणारा तो जमीनदाराचा, म्हणजे ‘पटेल शॉट’, खालून वर पाहणारा तो गड्याचा, आणि समोरासमोर, नजरेच्या रेषेतला तो बायकांच्या मंडळाचा, म्हणजे ‘संघम शॉट’. कारागिराचे चित्रण कसे करावे याचा याहून नेमका पाठ मला दुसरा ठाऊक नाही. वर्गात कॅमेरा धरताना तो त्या तिसऱ्या उंचीवर धरावा.

आता नागपूरच्या वर्गाकडे येऊ. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि कूलर ही चैन न राहता गरज होते. मार्चपासून कूलर दुरुस्त करणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ताट्या बदलणे, टुल्लू पंप, पंख्याची मोटर, कंडेन्सर, गंजलेला पत्रा. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात. त्यामागचे कारण अभ्यासक्रमात एका परिच्छेदात संपते. पंपाच्या किंवा मोटरच्या वायरचे आवरण ओले होऊन वीज पत्र्यात उतरते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो किंवा गळती ओळखणारा स्विच पडतो. अर्थिंग नसेल तर सगळा पत्राच जिवंत होतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाणी भरणाऱ्या माणसाच्या अंगातून वीज वाट काढते.

हा परिच्छेद पाठ करून कोणी परीक्षा उत्तीर्ण होईल. पण समजा, वर्गात पन्नाशीचा एक मिस्त्री आहे. शाळा सातवीत सुटली, वीस वर्षे हेच काम, हाती कागद एकही नाही. त्याला गटात बसवून एवढेच विचारावे की, तुमच्या कामात असा कोणता दिवस आला, ज्यानंतर तुम्ही काम वेगळ्या रीतीने करू लागलात? तो कदाचित सांगेल की एका घरी टेस्टर न लावता त्याने पत्र्याला हात लावला आणि फेकला गेला. किंवा सोबतचा पोरगा गेला, हे सांगेल. ऐकणारे प्रश्न विचारतील. त्या घरी अर्थिंग होते का? प्लग दोन पिनांचा होता का? त्या प्रश्नांतून गोष्टीला आकार येतो आणि तांत्रिक तपशील आपोआप तिच्यात शिरतो.

पुढचे काम हाताचे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी गटातला दुसरा कोणी लिहून घेतो. आवाज आधी मुद्रित करावा, दारे-खिडक्या लावून आणि पंखा बंद करून. चित्रे नंतर, दहा-बारा पुरे. चेहरा हवाच असे नाही. हात, टेस्टर, उघडी वायर, तिसरी पिन कापून टाकलेला प्लग. मोबाइलवरच्या साध्या संपादकात ती आवाजाखाली बसतात. बोली बदलायला सांगू नये. ‘पाणी टाकण्याआधी बटन बंद करजो’ हे वाक्य नागपूरच्या कानाला जसे लागते, तसे पुस्तकी मराठीतले लागणार नाही. इथला मिस्त्री अर्धे वाक्य हिंदीत बोलत असेल तर तेही तसेच राहू द्यावे.

मग ती गोष्ट पुढच्या तुकडीला दाखवायची, आणि अपघात घडण्याच्या क्षणाआधी थांबवायची. आता काय तपासायला हवे होते? वर्ग उत्तर देतो, मग पुढे चालू. विदर्भाला ही रीत नवी नाही. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्या तोंडून उत्तर काढून घेत, आणि त्या उत्तरालाच पुढचा प्रश्न जोडत. त्यांच्यापुढे बसलेले बहुतेक निरक्षर असत, पण त्यांच्यातला एकही केवळ श्रोता राहत नसे.

गोष्टीची मर्यादाही सांगायला हवी. वेल्डिंगची सरळ रेघ हात बसल्याशिवाय येत नाही, काखेचा गोलाई-काप दहा कापडे बिघडवल्याशिवाय जमत नाही. तिथे सराव हाच गुरू. गोष्ट उपयोगी पडते ती निर्णयाच्या जागी. कुठे थांबायचे, गिऱ्हाइकाला काय सांगायचे, मजुरी कशी ठरवायची, कोणत्या कामाला नाही म्हणायचे. पुस्तकात नेमका हाच भाग सर्वांत पातळ असतो.

सरकारी चौकटीत यासाठी दारे आहेत. १९६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठातून जन शिक्षण संस्थांची योजना वाढली. २०१८ मध्ये ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे आली. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेले प्रौढ हाच तिचा वर्ग. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही अक्षरओळखीच्या जोडीला व्यवसाय कौशल्ये धरली आहेत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच येत असलेल्या कामाचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. आपला मिस्त्री तिथेच पोहोचतो, आणि लेखी किंवा टॅबवरच्या प्रश्नांपुढे गांगरतो. त्याने स्वतः बांधलेली तीन मिनिटांची गोष्ट परीक्षकाने प्रात्यक्षिकाच्या जोडीला पुरावा म्हणून पाहिली, तर त्याला काय कळते हे जास्त न्यायाने कळेल. प्रात्यक्षिकाला ती पर्याय होऊ शकत नाही. बोलका माणूस कसबी असतोच असे नाही, आणि अबोल कारागिराचे गुण त्यापायी कापले जाऊ नयेत.

धोक्यांबद्दल मी अधिक आग्रही आहे. अपघाताच्या गोष्टीत मालकाचे नाव आले, तर सांगणाऱ्याची रोजी जाऊ शकते. अनेक बायका नवऱ्याचा किंवा मुलाचा फोन वापरतात. त्यांची गोष्ट त्या फोनमध्ये राहू देणे त्यांना नको असेल. म्हणून संमती दोनदा घ्यावी, मुद्रणाआधी आणि तयार गोष्ट पाहिल्यावर. मागे घेण्याचा हक्क कायम ठेवावा. संस्थेने आपल्या जाहिरातीसाठी ती वापरू नये.

कारागिरांच्या गोष्टी नोंदवण्याची निकड किती आहे हे समजायला एम्प्रेस मिल आठवावी. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात ती सुरू केली. रिंग चात्यांसारखे नवे तंत्र भारतात तिने फार लवकर आजमावले. शंभराहून अधिक वर्षे इथल्या पिढ्या तिच्यात सूत कातायला, तुटलेला धागा चालत्या यंत्रावर जोडायला शिकल्या. आज त्या जागेच्या एका भागावर मॉल उभा आहे. गिरणीचे ताळेबंद आणि मालकांची चरित्रे वाचायला मिळतात. धागा जोडणाऱ्या बोटांना काय ठाऊक होते, ते त्या बोटांच्या मालकाच्या शब्दांत किती उरले असेल?

कामगार-शिक्षकाची कल्पना देशभर नेणारे मंडळ याच शहरात आहे. आयटीआय, जन शिक्षण संस्था आणि मंडळ यांनी मिळून प्रत्येक व्यवसायाच्या अशा गोष्टींचा संग्रह उभारावा, सांगणाऱ्याच्या परवानगीने त्याच्या नावानिशी, आणि त्याची एक प्रत त्याच्या हाती द्यावी. खर्च फारसा नाही, वेळ मात्र लागेल. कूलरवाल्यांसाठी मार्च ते मे सोडावा, त्या दिवसांत ते घरोघरी असतात. जुलैत काम ओसरते, उन्हाळ्यातले प्रसंग ताजे असतात. तेव्हा नोंदवलेल्या गोष्टी फेब्रुवारीत बसणाऱ्या नव्या तुकडीला, पहिला कूलर उघडण्याआधी, दाखवता येतील.