खरा काळोख दाखवणारा पडदा

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

कला शाखेच्या वार्षिकांकात दूरदर्शन संचावर लेख, आणि तोही संच कसा निवडावा यावर, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पण चित्र हा कलेचाच विषय आहे, आणि चित्रातला उजेड-अंधार हा तर त्याहून जुना. शिवाय आमच्यासारख्या घरात दुचाकी सोडली तर एका वस्तूवर एवढी मोठी रक्कम क्वचितच खर्च होते. असे असून ती खरेदी बहुधा दुकानदाराच्या शब्दावर होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या दिवाळीत उभा राहिला. दादा कारखान्यात कायम झाला आणि पहिल्या मोठ्या कमाईतून घरी ओएलईडी संच आणायचा, तोही मागच्या भिंतीवर रंगीत उजेड पाडणारा, असे त्याने ठरवले. हप्त्याचा हिशेबही करून आणला. आप्पा म्हणाले, "ही कॉलेजात जाते ना, हिला विचार." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे बँकेचा फॉर्म, औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर आणि वीजबिलातला स्थिर आकार, सगळे माझ्याकडेच येते. आता संचही आला. महिनाभर वाचून आणि तालुक्याच्या गावी दुकानांत दोनदा जाऊन जे समजले ते येथे मांडते.

प्रथम नावाचा घोळ सोडवू. बाजारात ज्याला 'एलईडी टीव्ही' म्हणतात तो वास्तविक एलसीडी संचच असतो. त्याच्या पडद्यामागे एलईडी दिवे सतत जळत असतात आणि पुढे द्रवस्फटिकांच्या बारीक झडपा असतात. चित्राप्रमाणे त्या उघडतात, मिटतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन कळेल. दिवा पडद्यामागे असतो आणि पुढे येणाऱ्या आकृतीने तो अडवला जातो. मात्र या झडपा कितीही मिटल्या तरी फटीतून थोडा उजेड झिरपतोच. म्हणून अशा संचावर अमावास्येची रात्रही राखाडी दिसते.

ओएलईडीत मागचा दिवाच नाही. देवळापुढच्या दीपमाळेत जशी प्रत्येक पणती स्वतंत्र, तसा येथे प्रत्येक ठिपका स्वतःच्या प्रकाशाने उजळतो. चार-के म्हटल्या जाणाऱ्या संचात आडवे ३८४० आणि उभे २१६० असे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. जेथे काळे हवे तेथे ठिपका विझतो. विझलेल्या पणतीतून उजेड झिरपण्याचा प्रश्नच येत नाही. काळा रंग खरोखर काळा झाला की शेजारचा पिवळा दिवा अधिक पिवळा आणि चेहरा अधिक जिवंत वाटतो. चित्राची सारी खुमारी या फरकात आहे. बाजूला बसून पाहिले तरी रंग फारसे फिके पडत नाहीत, हा आणखी एक गुण. नावातल्या 'ऑरगॅनिक' या शब्दाचा सेंद्रिय गुळाशी काही संबंध नाही. वीज दिली असता प्रकाश देणारी कार्बनी संयुगे येथे वापरतात, एवढाच त्याचा अर्थ.

याचा इतिहासही थोडक्यात सांगते. १९८७ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघा संशोधकांनी कमी विजेवर चालणारी दुपदरी ओएलईडी रचना प्रसिद्ध केली. सोनीने २००७ च्या अखेरीस जपानात पहिला ओएलईडी संच विक्रीला आणला. त्याचा पडदा अवघा ११ इंचांचा होता. २०१३ पासून ५५ इंची संच मिळू लागले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले, हे ध्यानात घेतले म्हणजे मधल्या काळात किती मजल मारली गेली ते कळते.

आज ओएलईडीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात पांढरा प्रकाश रंगीत गाळण्यांतून जातो आणि लाल, हिरव्या, निळ्या उपठिपक्यांच्या जोडीला चौथा पांढरा असतो. २०२२ पासून आलेल्या दुसऱ्या प्रकारात मूळ प्रकाश निळा असतो आणि क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण त्यातूनच लाल व हिरवा तयार करतात. त्याचे रंग अधिक गडद व झळाळीचे दिसतात, पण पडद्यावर खोलीतला उजेड पडला तर या प्रकारातला काळा काहीसा करडा-जांभळट भासतो. ज्यांची खोली अंधारी करता येते त्यांना दुसरा प्रकार शोभतो, इतरांनी पहिला पाहावा.

आता दुसरी बाजू. पहिली मर्यादा उजेडाची. सगळा पडदा एकाच वेळी पांढराशुभ्र झाला तर ओएलईडी संच आपला उजेड आपणच कमी करतो, नाही तर वीज आणि उष्णता फार वाढेल. दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून दुपारी पाहणाऱ्या घरात चांगला एलईडी संच अधिक उजळ दिसू शकतो. खऱ्या काळ्याचा लाभ तर अशा खोलीत मिळतच नाही, कारण बाहेरचा उजेड पडद्यावर पडून तो काळा धुऊन टाकतो.

दुसरी मर्यादा झिजेची. देवळाच्या पायरीवर जेथे रोज पाय पडतो तेवढाच दगड झिजतो. तसेच पडद्यावर एकच आकृती रोज तासन् तास एकाच जागी राहिली तर तेथील ठिपके इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि पुढे दुसरे काही लावले तरी त्या आकृतीची पुसट छाया दिसते. आता आपल्या बातम्यांच्या वाहिन्या आठवाव्यात. कोपऱ्यात ठळक बोधचिन्ह, खाली लाल-पांढरी पट्टी, आणि हे सर्व सकाळपासून रात्रीपर्यंत. चित्रपट आणि मालिका आलटून पालटून पाहणाऱ्याला हा धोका कमी. दिवसभर एकच वाहिनी लावून ठेवणाऱ्याला अधिक.

यावर संचातच एक उपाय असतो. रिमोटने बंद केल्यावर तो आतल्या आत ठिपक्यांची तपासणी करून झीज सावरून घेतो. त्यासाठी भिंतीवरचे बटण चालू राहावे लागते. आपल्याकडे रात्री बोर्डाचे बटण बंद करूनच झोपण्याची रीत आहे. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना ती योग्यच. पण एरवी ओएलईडी संचाचे बटण लगेच बंद करू नये, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

आता भिंतीवरच्या उजेडाकडे वळू. पुष्कळांना ही निव्वळ हौस वाटते. मलाही दादाचा बेत ऐकून गणपतीच्या मखराची रोषणाई आठवली होती. पण त्यामागे डोळ्यांचे शास्त्र आहे. पूर्ण अंधारात एकटाच पडदा झगमगत असेल तर दृश्य उजळले की बाहुली आकसते आणि काळवंडले की रुंदावते. या सततच्या ओढाताणीने डोळे शिणतात. पडद्यामागच्या भिंतीवर मंद उजेड असला तर ही ओढाताण कमी होते. दुसरी गोष्ट, सभोवती किंचित उजेड असला की त्याच्या तुलनेत चित्रातील काळे अधिक काळे भासते. बार्टलसन आणि ब्रेनमन यांनी १९६७ साली प्रयोगांनी दाखवले की पूर्ण अंधाराच्या पार्श्वभूमीवर चित्रातील उजेड-अंधाराचा भेद डोळ्याला कमी वाटतो. रंग पारखणारे जाणकार म्हणूनच पडद्यामागे ६५०० केल्विन प्रतीचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा आणि मंद दिवा लावतात.

हा उजेड मिळवण्याचे चार मार्ग आहेत. पहिला, संचातच बसवलेले दिवे. फिलिप्सने २००४ मध्ये 'ॲम्बिलाइट' या नावाने ते आणले. चित्राच्या कडेला जो रंग असेल तोच त्याच क्षणी मागच्या भिंतीवर उमटतो, आणि संचावर काहीही लावले तरी तो चालतो. दुसरा मार्ग म्हणजे बाहेरून येणारी तार मध्ये एका पेटीतून नेणे. ही पेटी चित्र वाचून दिव्यांना रंग सांगते. मात्र संचाच्या आतल्याच ॲपवर चित्रपट लावला तर तो पेटीतून जातच नाही आणि दिवे मुके राहतात. तिसरा, पडद्याकडे पाहणारा छोटा कॅमेरा आणि त्यावरून रंग बदलणारी पट्टी. ती सगळ्यांवर चालते, पण रंगाचा अंदाज थोडा इकडेतिकडे होतो. चौथा सर्वांत स्वस्त: पाच व्होल्टवर चालणारी साधी पांढरी पट्टी मागे चिकटवणे. ती रंग बदलत नाही, पण डोळ्यांचे काम पुरे करते. चित्राच्या खरेपणाचाच विचार केला तर हा चौथा मार्ग पहिल्याहून सरस आहे, कारण बदलते रंग डोळ्याची पारख बिघडवतात. रंगीत उजेडाची मजा वेगळी, इतकेच.

चारही मार्गांना एक अट समान आहे, ती भिंतीची. भिंत पांढरी किंवा फिकी हवी आणि संच तिच्यापासून फार दूर नको. आपल्याकडे भिंतींना निळा, हिरवट वा पोपटी रंग देतात. अशा भिंतीवर लाल उजेड मातकट दिसतो आणि पांढरा हिरवट. ॲम्बिलाइटमध्ये भिंतीचा रंग सांगून दुरुस्ती करता येते, पण गडद भिंत जो उजेड गिळून टाकते तो परत आणता येत नाही.

दुकानात गेल्यावर काय पाहावे? 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. दुकानातले संच भडक रंगांवर ठेवलेले असतात आणि मासे, फुले, डोंगर यांची खास चित्रफीत चालू असते. संच घरगुती व 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' या पद्धतीवर लावायला सांगावा. रात्रीचे एखादे दृश्य पेन ड्राइव्हवर सोबत न्यावे. घरी जी साधी वाहिनी पाहतो तीही लावून पाहावी, कारण कमी प्रतीचे चित्र मोठ्या पडद्यावर कसे दिसते हे तेथेच कळते. बसण्याचे अंतर मोजून जावे: ५५ इंची संचासाठी सुमारे साडेसात फूट आणि ६५ इंचीसाठी पावणेनऊ फूट ठीक. पडद्यावरची छाया हमीपत्रात धरली आहे की नाही, हे लेखी विचारावे. आणि किंमत जुनी सांगत नाहीत ना हे पाहावे, कारण ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.

एवढे समजल्यावर मी एका कागदावर दोन रकाने आखले. एकात ओएलईडीचे गुण लिहिले आणि दुसऱ्यात आमचे घर. आमची पुढची खोली पश्चिमेची. दार दिवसभर उघडे असते. आप्पा निवृत्त झाल्यापासून सहा-सात तास बातम्यांची एकच वाहिनी लावून बसतात. संध्याकाळी आईच्या मालिका ट्यूबलाइटच्या उजेडात चालतात. भिंत हिरवी आहे. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणारा एकटा दादा, तोही महिन्यातून दोनदा घरी येणारा. ओएलईडीची किंमत मात्र त्याच मापाच्या चांगल्या एलईडी संचाच्या दुपटीहून अधिक होती. दोन रकाने समोरासमोर ठेवल्यावर उत्तर वेगळे सांगावे लागले नाही.

दादा थोडा हिरमुसला. घरी आणायची ती उत्तमातली उत्तम वस्तू, अशी त्याची जिद्द होती, आणि ती मला कळत होती. ओएलईडी उत्तमच आहे, हे मीही त्याला सांगितले. उद्या शहरात त्याची स्वतःची खोली झाली, खिडकीला पडदा लागला, तर त्याने जरूर तोच घ्यावा. आप्पांनी कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग आधी भिंत पांढरी करून घेऊ." त्याप्रमाणे भिंत झाली, साधा ५० इंची एलईडी संच आला आणि त्यामागे पांढरी पट्टी लागली. रात्री बातम्या पाहून आप्पा डोळे चोळत असत, ते आता कमी झाले आहे. उरलेल्या पैशांतून धाकट्या भावाच्या वसतिगृहाचे वर्ष निघेल.

यातून ओएलईडीची निंदा करायची नाही. खोली अंधारी होत असेल, पाहण्यात विविधता असेल आणि अंथरूण तेवढे लांब असेल तर चित्राच्या बाबतीत त्याच्या तोडीचा दुसरा पडदा मला दिसला नाही. सांगायचे आहे ते एवढेच, की संच दुकानात पाहून ठरवू नये. आधी आपली खोली, आपली भिंत आणि घरात कोण, केव्हा, काय पाहते ते पाहावे. आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले शिकणारे आहेत. घरचे आपल्याला विचारतात ते आपण सर्वज्ञ आहोत म्हणून नव्हे. आपण शोधून, तपासून, त्यांना कळेल अशा शब्दांत सांगू, या विश्वासाने विचारतात. कोणत्याही विषयाची पदवी हाती येवो, एवढे तरी तिच्याबरोबर घरी न्यायला हवे.